बस गेल्यावर काला ब्लांदात काय होतं

अल्हेरा ते काला ब्लांदा या रस्त्यावर खिनेसने उभी हयात बस चालवली, आणि समुद्र पाहिला तो फक्त आरशात. समुद्र तिथे नव्हता असं नाही. पण काला ब्लांदाचा बसथांबा पडतो मासळीच्या लिलावघरामागे, आणि बस उभी करायची ती डोंगराकडे तोंड करून, कारण लगेच परत निघायचं. माणसं उतरायची, टोपल्या उतरायच्या, एखादी चिडलेली कोंबडी उतरायची, नवी माणसं चढायची, खिनेस अर्धी सिगारेट ओढायचा, की झालं. निघताना आरशाच्या कोपऱ्यात तळहाताएवढं निळं पाणी दिसायचं. पहिल्या वळणावर तेही जायचं.

असल्या नोकरीत माणसाला काय काय कळत असेल याचा विचार करून आमच्या अल्हेरातल्या कितीतरी लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून कोण अत्तर लावून निघतं, नवऱ्याशी भांडून कोण पेटी घेऊन चढतं आणि दुसऱ्या दिवशी तीच पेटी घेऊन मुकाट्याने परत येतं, कोणाचा मुलगा सैन्यातून रजेवर आलाय आणि कोणाचा पळून आलाय, सगळं खिनेसला ठाऊक. आणि बोलेल तर शपथ. लोकांनी त्याला वाइन पाजून पाहिली, डिवचून पाहिलं, मुद्दाम उलटी बातमी सांगून पाहिली. तो एवढंच म्हणायचा, ‘तिकीट काढलं होतं त्यांनी.’ जणू तिकीट काढलं की माणसाचं सगळं पाप धुऊन निघतं.

अशा माणसाशी लग्न झालं फुएनसांताचं. आमच्या गावात तेलाच्या जुन्या घाण्याची एक भिंत आहे, दक्षिणेला तोंड असलेली. हिवाळ्यात सकाळची कामं उरकली की बायका घरातून खुर्च्या उचलून आणतात, भिंतीला पाठ लावतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत ऊन खात बसतात. हातात शेंगा असतात, विणकाम असतं, पण ते लोकांना दाखवायला. खरं काम तोंडाचं. आणि या भिंतीसमोरच बसथांबा. कोण उतरलं, कसं उतरलं, जाताना केस कसे होते आणि येताना कसे झाले, याची नोंद त्या भिंतीपाशी व्हायची, आणि मधली खुर्ची असायची फुएनसांताची. तो जन्मभर हिंडला आणि बोलला नाही, ती जन्मभर एका जागी बसली आणि गप्प राहिली नाही. संसार मात्र दोघांचा चांगला झाला.

खिनेस निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला एक घड्याळ दिलं, गावाने एक अख्खी डुकराची तंगडी दिली, आणि वर्षभर तो घाण्याच्या कोपऱ्यावर उभा राहून दुसऱ्याने चालवलेली बस येता-जाता पाहत राहिला. मग एका रात्री जेवताना म्हणाला, मी एक गाडी बघून आलोय. फुएनसांताला वाटलं, बाजारहाट करायला छोटीशी असेल. आली ती पांढरीधोप, लांबलचक घरगाडी. आत चूल, आत पलंग, आत कपाटाएवढा संडास. एका म्हाताऱ्या फ्रेंच जोडप्याने वापरून विकलेली. गल्लीत ती शिरली तेव्हा दोन्हीकडच्या कुंड्या आत घ्याव्या लागल्या, आणि कुंड्या घेण्याच्या निमित्ताने सगळी गल्ली बाहेर आली.

‘एवढी वर्षं बस चालवून पोट नाही भरलं,’ फुएनसांता सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आता बसमध्येच झोपायचंय याला.’

त्या रात्री तिने विचारलं, की खरं सांग, हे कशासाठी. खिनेसने बराच वेळ ताटातल्या पावाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाला, ‘बस निघून गेल्यावर तिथे काय होतं, ते मला एकदा बघायचंय.’

फुएनसांता काही दगडाची नाही. पण तिला हेही दिसत होतं की हा एकदा सुटला तर दर हिवाळ्यात तिची खुर्ची घाण्याच्या भिंतीवरून उठणार, आणि उठलेल्या खुर्चीच्या जागी दुसरी खुर्ची सरकायला किती वेळ लागतो ते तिच्याइतकं कोणाला माहीत. त्यात तिचा धाकटा भाऊ कासिमिरो. हा जत्रांमधून चुरोस, म्हणजे पिठाच्या कांड्या, तळून विकतो, आणि त्याची जुनी गाडी इतकी गळकी की पावसात तेल तडतडतं. त्याने घरगाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चुलीवर हात फिरवला आणि बहिणीच्या कानाला लागला. शेवटी सौदा ठरला तो असा. जानेवारीच्या सुरुवातीला तीन राजांचा सण झाला की दोघांनी काला ब्लांदाला जायचं. तिथून दहाएक दिवसांवरच्या सान अंतोनच्या सणापर्यंत राहायचं. तेवढ्यात फुएनसांता एकदा जरी म्हणाली की मला घरी ने, तर गाडी कासिमिरोला जाणार आणि खिनेसने पुन्हा तो विषय काढायचा नाही.

खिनेस हो म्हणाला. भांडला नाही. त्याला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं, कारण न भांडणाऱ्या माणसाची इच्छा किती मोठी आहे ते कोणाला कळत नाही.

काला ब्लांदात मिठागरांच्या खाली, समुद्राला लागून एक मोकळं मैदान आहे. हिवाळ्यात तिथे पांढऱ्या घरगाड्यांची रांग लागते. जर्मन, डच, इंग्रज, फ्रेंच. सगळे आपल्या देशातला बर्फ मागे टाकून इथल्या उन्हाला आलेले, आणि सगळे काचा लावून आत बसलेले. फुएनसांताला हे पहिल्याच दिवशी खटकलं. ऊन बाहेर आणि माणसं आत. कोणी पुस्तक वाचतंय, कोणी पत्ते मांडतंय, कोणी नुसतंच काचेतून समुद्राकडे बघतंय. ‘मासळीच्या दुकानात मासे मांडतात तशी दिसतात,’ ती म्हणाली. ‘फक्त खाली बर्फ नाही, तो घरी ठेवून आलेत.’

याचं कारण होतं, आणि ते खिनेसला माहीत होतं. मैदानाच्या तोंडाशीच पाटी आहे. तिच्यावर एका खुर्चीचं चित्र आणि खुर्चीवर लाल काट. कायदा असा की गाडी उभी करायला कोणाची ना नाही, कितीही दिवस करा, आत झोपा, आत स्वयंपाक करा. पण चाकांखेरीज काहीही जमिनीला टेकता कामा नये. खुर्ची टेकली, टेबल टेकलं, कपड्यांची दोरी बांधली, की ती गाडी उभी केलेली राहत नाही, तो तळ ठोकलेला होतो, आणि तळ ठोकायला बंदी. गाडी वळवताना खिनेसने पाटी नीट वाचली. फुएनसांता तेव्हा मांडीवरचा मडक्यातला रस्सा सांडू नये म्हणून मडक्याकडेच बघत होती.

पहिले दोन दिवस तिने आतून सगळं पुसलं. तिसऱ्या दिवशी पुसायला काही उरलं नाही. घरगाडी म्हणजे शेवटी केवढी, एका हाताने चूल पुसता पुसता दुसऱ्या हाताने पलंग पुसून होतो. ती खिडकीशी बसली. सुस्कारा टाकला. खिनेसने बाहेर जाऊन येतो म्हटलं तर ‘जा’ म्हणाली, आणि ते ‘जा’ असं होतं की तो गेलाच नाही.

चौथ्या सकाळी मात्र ती उठली, बादलीत पाणी घेतलं, आणि दारासमोरची जमीन पुसायला लागली. अल्हेरात कुठलीही बाई आपल्या दारासमोरचा रस्ता पुसते, तो नगरपालिकेचा असला तरी. पलीकडच्या इंग्रजाने पुस्तक खाली ठेवलं. मैदानाची माती पुसणारी बाई त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. जमीन वाळली, तशी फुएनसांताने न्हाणीचं कपाट उघडलं आणि घरून लपवून आणलेली आपली गवताच्या विणीची बुटकी खुर्ची बाहेर काढली. दाराशेजारी, गाडीला पाठ लावून ठेवली. मांडीवर हिरव्या शेंगांची परडी घेतली आणि बसली.

खिनेस आतून पाहत होता. त्याला पाटी आठवत होती. त्याने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात फुएनसांता गुणगुणायला लागली, घर सोडल्यापासून पहिल्यांदा. त्याने तोंड मिटलं. जन्मभर मिटलेलं तोंड, त्याला काही वेगळे कष्ट पडले नाहीत.

शेजारच्या गाडीत रिन्स्के नावाची एक उंच डच बाई होती, दहाएक वर्षं दर हिवाळ्यात येणारी, आणि तिचा नवरा, जो फक्त झोपायचा. रिन्स्केने खिडकी ठोठावली, पाटीकडे बोट दाखवलं, मग खुर्चीकडे दाखवलं, मग मान हलवली. फुएनसांताने याचा अर्थ घेतला तो असा, की बिचारीला खुर्ची हवीय. तिने आतून फ्रेंचांनी ठेवलेली घडीची खुर्ची आणली, शेजारी मांडली आणि सीटवर थाप मारली. रिन्स्केने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि खाली उतरली. शेंगा सोलायला लागली. फुएनसांता स्वतःच्या भाषेत बोलत होती, रिन्स्के आपल्या भाषेत. नवऱ्याच्या घोरण्याबद्दल दोघींचं पूर्ण एकमत झालं.

दोन दिवसांत पाच खुर्च्या झाल्या. एक जर्मन बाई विणकाम घेऊन आली. एक फ्रेंच बाई काही न घेता आली, तिच्याबद्दल फुएनसांताचं मत लगेच वाईट झालं. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती आणि कोणी थांबत नव्हतं. खिनेस आत बसून कॉफीत साखर घातलेलं दाट दूध ढवळत राहायचा आणि मनात म्हणायचा, आता राहते ही. आता राहते.

मग ब्लास आला.

ब्लास म्हणजे काला ब्लांदाचा नगरपालिकेचा पोलीस. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, माणूस सभ्य. खुर्च्यांचं ते रिंगण बघून तो आधी थोडा वेळ लांबच उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग जवळ येऊन म्हणाला, ‘बाई, या खुर्च्या आत घ्याव्या लागतील.’

‘का, कोणाच्या वाटेत आल्या?’

‘वाटेत नाही. पण चाकांखेरीज जमिनीला काही टेकलेलं चालत नाही इथे.’

‘माझे पाय टेकलेत,’ फुएनसांता म्हणाली. ‘तेही वर घेऊ का?’

जर्मन बाईला शब्द कळले नाहीत, सूर कळला, ती हसली. ब्लासही थोडा हसला. म्हणाला, पाय चालतील, खुर्ची नाही. तिने विचारलं, माझ्या दारात मी बसले तर कोणाच्या बापाचं काय जातं. तो म्हणाला, बाई, हे दार नाही, ही गाडी आहे. त्यावर ती म्हणाली, गाडी आहे ना, मग मी गाडीची वाट बघत बसलेय, माझा नवरा बसचा ड्रायव्हर आहे, हवं तर विचार. ब्लासने आत पाहिलं आणि खिनेसला ओळखलं. शाळेत जायला त्याच्याच बसने जायचा तो. आणि त्यामुळे बिचारा आणखीच अवघडला.

‘खिनेस, तुम्ही तरी सांगा,’ तो म्हणाला. ‘पाटी वाचली असेल ना तुम्ही. आज मी नुसतं सांगतोय. उद्या खुर्च्या दिसल्या तर मला दंडाच्या पावत्या फाडाव्या लागतील. या बाईंच्या नावाने पण,’ आणि त्याने रिन्स्केकडे बोट केलं.

रिन्स्के ताडकन उठली. इतकी वर्षं येऊन जिला कधी कोणी काही बोललं नव्हतं, तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने सोललेल्या शेंगा परडीत ठेवल्या, दोन्ही हातांनी, देवळात ठेवाव्या तशा, आणि आपल्या गाडीत जाऊन पडदा ओढला. बाकीच्याही गेल्या. ब्लास टोपीला हात लावून निघाला. फुएनसांताने खुर्ची आत नेली, दार लावलं, आणि नवऱ्याकडे वळली.

‘पाटी होती?’

‘होती.’

‘तू वाचलीस.’

‘वाचली.’

‘आणि मला बसू दिलंस. त्या बाईलाही.’

फुएनसांताने आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. एवढंच म्हणाली, की अल्हेरात मला खुर्चीवरून उठ म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नाही. उद्या सकाळी मला घरी ने. मग तिने कासिमिरोला फोन लावला. कासिमिरो म्हणाला, ताई, मला ठाऊकच होतं, मी नवी कढई घेऊनसुद्धा ठेवलीय.

संध्याकाळ व्हायला वेळ होता. खिनेस टोपी घालून बाहेर पडला. इतके दिवस तो मैदानाभोवतीच घुटमळला होता, की तिला जरा रुळू द्यावं, मग दोघांनी मिळून गाव बघावं. आता मिळून कसलं. लिलावघरामागच्या आपल्या जुन्या थांब्यापाशी तो आला. बस नुकतीच निघून गेली होती, धुराचा वास अजून होता. तो थांब्यावर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा डोंगराकडे पाठ केली.

समोर, रस्त्यापलीकडे, मिठाच्या जुन्या कोठाराची भिंत होती. भिंतीला उतरतं ऊन होतं. उन्हात खुर्च्या होत्या. आणि खुर्च्यांवर बायका होत्या, आणि सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या.

‘अगं बाई,’ मधल्या खुर्चीतली म्हणाली. ‘हा तर मान वळवतो.’

ही पात्रोसिनिओ. वय ऐंशीच्या घरात, दात सगळे स्वतःचे, दृष्टी ससाण्याची. तिने त्याला जवळ बोलावलं. म्हणाली, ड्रायव्हर, तुझ्या बसचा पार्श्वभाग बघत माझी उमर गेली. बस गेली रे गेली की आम्ही सुरू, कोण उतरलं, कोणाकडे गेलं. मागे कोणी बोललं की माणसाचे कान लाल होतात म्हणतात, तुला कधी जाणवलं नाही? खिनेस म्हणाला, मला वाटायचं इंजिनाची धग आहे. बायका खूष झाल्या. चाळीस वर्षं त्याला जे पाहायचं होतं ते हेच होतं, त्याच्याच गावच्या भिंतीसारखी एक भिंत, आणि तो मनातल्या मनात हसला.

मग पात्रोसिनिओने खुर्ची थोडी पुढे ओढली, आवाज खाली आणला. म्हणाली, ते सगळं जाऊ दे, एक सांग. ती निळ्या कोटाची बाई, दर गुरुवारी तुझ्या बसने यायची, ती कोण रे? आमच्या डोळ्यांदेखत नोटरीच्या बोळात वळायची, दिवे लागायच्या वेळी परत यायची. ती नोटरीकडेच जायची ना?

खिनेसला ती बाई चांगली आठवत होती. ओब्दुलिया, अल्हेराच्या शाळामास्तरांची अविवाहित बहीण. मरूनही आता जमाना लोटला होता. आणि ती कुठे जायची हेही त्याला माहीत होतं. नोटरीचा बोळ पलीकडे धक्क्यावर उतरतो, ते या भिंतीवरून दिसत नाही. पण पहिल्या वळणाच्या आधी, आरशाच्या त्या तळहाताएवढ्या निळ्या तुकड्यात, धक्क्याच्या टोकाला एक निळा कोट बसलेला दिसायचा. मांडीवर तळलेल्या मासळीचा कागदी पुडा. एकटी. संध्याकाळच्या फेरीला बस वळवताना आरशात ती तिथेच दिसायची. बस, एवढंच. भावाच्या घरातून आठवड्याला एकदा समुद्र बघायला आणि मासळी खायला यायची. खिनेसने हे कोणालाही कधी सांगितलं नाही, आणि मग ते इथवर कसं पोचलं हे विचारू नये.

‘तिकीट काढलं होतं तिने,’ खिनेस म्हणाला.

बायकांनी एकदम हात झटकले. पात्रोसिनिओ म्हणाली, जा बाबा, तुझ्यापेक्षा तुझी बस बोलकी होती.

तो चार पावलं गेला आणि थांबला. आयुष्यात ज्याला कधी दोन टोकं जोडावी लागली नव्हती, रस्ताच ती जोडायचा, त्याच्या डोक्यात आज दोन टोकं एकमेकांजवळ आली. या भिंतीने निळा कोट येताना पाहिला होता. परत गेल्यावर तो कोट बसमधून कसा उतरायचा, बुटांना काय लागलेलं असायचं, चेहरा कसा असायचा, ते दुसऱ्या भिंतीने पाहिलं होतं. निम्मी गोष्ट इकडे, निम्मी तिकडे, आणि मध्ये तो. एवढी वर्षं.

घरगाडीत फुएनसांता पेटी भरत होती. खिनेसने टोपी काढली. म्हणाला, माझं चुकलं. तू गुणगुणत होतीस म्हणून बोललो नाही. घडी घालायचा तिचा हात जरा सावकाश झाला. खिनेसने ग्लासभर पाणी घेतलं, प्यायला, आणि पाठमोराच राहून म्हणाला, की मिठाच्या कोठारापाशी काही बायका बसतात. ओब्दुलियाचं बोलत होत्या. ती म्हणे इथल्या नोटरीकडे यायची.

पेटीचं झाकण पडल्याचा आवाज झाला.

‘कोण म्हणतं?’

‘त्या सगळ्याच.’

‘नोटरीकडे?’ फुएनसांता म्हणाली. ‘आणि दर गुरुवारी तिच्या बुटांत वाळू कुठून यायची? नोटरीच्या बैठकीत वाळू असते? तू काय बोललास?’

‘मी काय बोलणार.’

‘हो, तू काय बोलणार,’ ती म्हणाली. चुकीची गोष्ट जगात मोकळी फिरतेय आणि आपल्याला बरोबर ठाऊक आहे, हे दुःख ज्यांनी सोसलं असेल त्यांनाच तिची अवस्था कळेल. तिने एप्रन काढला, केसांवरून हात फिरवला, न्हाणीच्या कपाटातली खुर्ची काढली, कमरेवर घेतली आणि निघाली. खिनेसने मध्ये बरंच अंतर सोडलं आणि मागून गेला. थांब्यावर बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्या नाडीला त्या दिवशी फार वेळ लागला.

आता हे समजून घ्या, की परक्या भिंतीला कोणी बाई आपण होऊन खुर्ची टेकवत नाही. तिथल्या बायकांनी ‘बस’ म्हणावं लागतं. फुएनसांताने स्वतः अल्हेरात कितीजणींना ते न म्हणता तासन् तास उभं ठेवलं होतं. म्हणून ती भिंतीसमोरून जात असल्यासारखी आली, आणि थांबल्यासारखी थांबली, खुर्ची कमरेवरच.

‘ऊन चांगलं आहे तुमच्याकडे,’ ती म्हणाली.

‘आमचं आहे,’ पात्रोसिनिओ म्हणाली. ‘वापरतो आम्ही.’

‘आमच्याकडेही वाईट नसतं. घाण्याच्या भिंतीला.’

‘अल्हेराची का तू? मग इथे खुर्ची घेऊन कुठे निघालीस, विकायला?’

‘पोलीस म्हणाला जमिनीला टेकवायची नाही. तेव्हा फिरवून आणतेय.’

भिंतीवरच्या दोघींना हसू फुटलं. पात्रोसिनिओला नाही. ब्लास तिच्या चुलतबहिणीचा मुलगा, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क घरच्यांचा. तिने फुएनसांताला बुटांपासून केसांपर्यंत आणि पुन्हा बुटांपर्यंत बघून घेतलं. फुएनसांताने बघू दिलं. पात्रोसिनिओच्या जागी तिनेही हेच केलं असतं, कदाचित आणखी सावकाश. मग ती समुद्राकडे बघत, कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली, ‘तुमची ती निळ्या कोटाची बाई, आमची ओब्दुलिया, नोटरीकडे जात नव्हती.’

विणकामाच्या सुया थांबल्या.

‘परत यायची तेव्हा बुटांत वाळू असायची,’ फुएनसांता म्हणाली. ‘बाहीला तळणीचा वास. आणि चेहरा असा, की त्या दिवशी ती कोणालाही उधार मीठ द्यायची.’

पात्रोसिनिओने शेजारणीकडे न बघता कोपराने तिला ढोसलं. शेजारीण सरकली, तिच्या पलीकडची सरकली, तिसरी सरकली. जागा झाली ती अगदी टोकाला, नळाच्या बाजूला, जिथे ऊन आधी जातं. मधल्या खुर्चीत जन्म घालवलेली फुएनसांता त्या टोकाकडे क्षणभर बघत राहिली. खिनेसने नाडी सोडून दिली.

‘बस,’ पात्रोसिनिओ म्हणाली. ‘आणि पहिल्यापासून सांग.’

फुएनसांताने खुर्ची टेकवली.

त्या दिवशी ऊन संपलं तरी भिंत उठली नाही. कोणीतरी आतून शाली आणल्या. दुसऱ्या सकाळी घरी जायचं होतं, पण सकाळी फुएनसांता कॉफी घेऊन लगेच गेली, म्हणाली, थोडं सांगायचं राहिलंय, आणि जाताना तिने रिन्स्केची खिडकी ठोठावली. रिन्स्के आधी नको म्हणाली, पाटीकडे बोट दाखवलं. फुएनसांताने तिचा हात धरला आणि तिला पाटीच्या पलीकडे नेलं. भिंतीवर पात्रोसिनिओने त्या उंच बाईकडे बघितलं आणि विचारलं, हिला आपलं काही कळतं का. फुएनसांता म्हणाली, काही नाही. पात्रोसिनिओ म्हणाली, मग चालेल, हिच्याकडून बाहेर जायची भीती नाही. रिन्स्के नळाजवळच्या टोकाला बसली. फुएनसांता एक जागा वर सरकली.

ती परत आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. खिनेसने लोखंडी भांड्यात मासळीचा रस्सा करून ठेवला होता, तांदूळ अजून घातले नव्हते, किती दिवसांचे घालायचे ते ठाऊक नव्हतं. भरलेली पेटी दाराशी तशीच होती. फुएनसांता ती ओलांडून आत आली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. दोन्ही भिंतींनी मिळून गोष्ट पुरी केली होती. नोटरी नव्हताच तो. नोटरीचा धाकटा भाऊ, बोटींवर होता, धक्क्यावर भेटायचा. म्हणून वाळू. म्हणून मासळीचा वास. आणि मग तो अर्जेंटिनाला निघून गेला, आणि म्हणूनच ओब्दुलियाने पुढे निळा कोट घालायचा सोडला. सगळं जुळतं. फक्त एक गोष्ट पक्की करायची राहिली. नोटरीकडे तेव्हा कामाला असलेली बाई अजून आहे, मुलीकडे गेलीय, गुरुवारी येणार, आली की तिला भिंतीवर बोलावलंय.

खिनेस चुलीपाशी उभा राहून ऐकत होता. ओब्दुलियाचा निळा कोट उसवला होता आणि तिने तो बसमध्येच एका थंडीने कुडकुडणाऱ्या म्हातारीला देऊन टाकला होता. त्याच्या डोळ्यांसमोर दिला होता.

फुएनसांता थांबली. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं, फार दिवसांनी पाहावं तसं.

‘तुला माहीत असणार,’ ती म्हणाली. ‘दर गुरुवारी तुझ्याच बसने यायची. खरं सांग, तो नोटरीचा भाऊच होता ना?’

जन्मभर ‘तिकीट काढलं होतं’ म्हणणाऱ्या माणसाने भांड्यावरचं झाकण उचललं, रश्शाची वाफ तोंडावर घेतली.

‘असेल,’ तो म्हणाला. ‘उंच होता का?’

‘पात्रोसिनिओ म्हणते, उंच होता.’

‘मग तोच.’

फुएनसांताने खुर्चीवर जोरात थाप मारली. म्हणाली, मला वाटलंच होतं, आणि तू एवढी वर्षं पोटात ठेवून बसलास, कसला माणूस आहेस तू. मग पेटी उघडली आणि त्यातला आपला झोपायचा गाऊन बाहेर काढून खुंटीला अडकवला. कासिमिरोला कळवायचं का, असं खिनेसने हळूच विचारलं. ती म्हणाली, त्याला सांग, कढई परत कर, गुरुवारपर्यंत तर मी इथून हलत नाही, आणि गुरुवारी ती बाई काय सांगेल त्यावर पुढचं.

खिनेसने तांदूळ धुतले आणि रश्शात सोडले, दोघांना दोन वेळा पुरतील इतके.